चिमट्यातली रिक्षा

"रिक्षा व टेंपो यांना आत प्रवेश नाही." कळंबच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या फाटकावर हा बोर्ड परवा-परवापर्यंत होता. चेअरमन वाल्मिकराव घारे यांनी तो हौसेनं रंगवून घेतला होता. मोठ्या गाड्या खुशाल आत जाव्यात, पाण्याच्या टँकरला तर हात जोडून आत घ्यावं, आणि तीनचाकीनं आत चाक टाकलं की यांची शान जाते! कसली शान हो? इन-मीन चार बिल्डिंगा, त्यातल्या दोन गळक्या.

आता या गृहस्थांचा छंद ऐका. वाल्मिकराव वापरलेली टपाल तिकिटं जमवतात, तीही फक्त रोजच्या वाहनांची. बैलगाडी, टांगा, सायकल, हातगाडी, देशोदेशीच्या रिक्षा. पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटलं की टिपकागदावर वाळवायचं आणि उचलायचं ते चिमट्यानं. हात लावायचा नाही! "कोरं तिकीट काय, कोणीही विकत घेतं," असं ते पाहुण्यांना ऐकवत. "शिक्का पडलेलं तिकीट खरं. त्यानं काम केलेलं असतं." काम केलेल्या तिकिटाला काचेची फ्रेम, आणि काम करणाऱ्या रिक्षावाल्याला फाटकाबाहेरचं ऊन. माणसंसुद्धा चिमट्यानं उचलता आली असती तर यांना बरं वाटलं असतं.

त्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये या तिकिटांचं प्रदर्शन होतं. वर झोकदार बॅनर, 'सामान्य माणसाची वाहनं'. आणि त्याच सकाळी वाल्मिकरावांची थोरली बहीण इंदूबाई पळसदरीहून आली. तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, घरी बघायला कोणी नाही. म्हणून वाल्मिकरावांच्या बायकोनं, माधवीनं, तिला राहायलाच बोलावलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चढ चढायचा नाही, चढलात तर गुडघा कामातून गेला. आणि फाटकापासून घाऱ्यांच्या दारापर्यंत चांगला खडा चढ!

तिच्या गावातल्या इद्रिसनं आपल्या रिक्षातून तिला जपून आणलं. फाटकावर वॉचमन गजानं आडवा बांबू काही उचलला नाही. त्यानं वर फोन लावला.

"साहेब, अक्का आल्यात. रिक्षा सोडू का?"

"नियम म्हणजे नियम!" वाल्मिकराव फोनवर खेकसले. "आज पाहुणे यायचेत. तिला म्हणावं, हळूहळू चालत ये."

वा रे भाऊ!

इंदूबाईनं चढाकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. "मी काय उतरत नाय. गजा, माझ्या भावजयीला बोलीव."

इद्रिस बिचारा ओशाळला. "मावशी, खुर्ची मागवू का? आमी दोघं उचलून नेतो."

"तू कशाला मान खाली घालतोस रं? लाज ज्याला वाटायची तो वर तिकिटं मांडून बसलाय."

माधवी धावत आली. इंदूबाईनं तिला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रिक्षाला आत बंदी हाय ना गं? मग चित्रातली रिक्षा कशी चालती? आण ती बी भाईर!"

माधवीनं पदर खोचला. भाजीच्या, किराणाच्या पिशव्या घेऊन हा चढ तीही रोजच चढत होती. ती तडक हॉलमध्ये गेली आणि भिंतीवरच्या फ्रेमा उतरवू लागली.

"अगं, काय करतेस? वेड लागलं का?"

"अहो, नियम म्हणजे नियम," माधवी म्हणाली आणि फ्रेमा काखेत मारून निघाली.

मागे वाल्मिकराव, हातात चिमटा! फाटकाशी पोचतात तो फ्रेमा रिक्षाला टेकवून ठेवलेल्या, भोवती गाड्यांतून उतरलेले पाहुणे, आणि रिक्षात पाय लांब करून बसलेली इंदूबाई. पाहुण्यांपैकी कोणीतरी फिसकन हसलं.

"अक्का, हा काय तमाशा लावलायस!"

"मी लावला? बोर्ड कुणी लावला रं?" इंदूबाई कडाडली. "लहानपणी तुला उलट्या-जुलाब झाले, डोळे पांढरे केलेस. तवा कशातनं नेला तुला कर्जतला?"

वाल्मिकराव चिमटा पाठीमागे लपवू लागले.

"शेजारच्या पोशा काकाच्या बैलगाडीतनं! चाकं शेणानं बरबटलेली. तशीच गाडी दवाखान्याच्या पायरीला लावली त्यानं. तवा कुणी फाटकात आडवं होऊन म्हणलं असतं, बैलगाडी आत नाय, पोराला चालवत आणा, तर आज ही तिकिटं जमवायला तू ऱ्हायला असतास का? काम केलेलं तिकीट तुला लागतं. काम करणारा माणूस दारात का नको? चल इद्रिस, फिरव रिक्षा. घरी एकटी ऱ्हाईन, गुडघा गेला तर जाऊ दे. माझ्या दारात कुणी कुणाला अडवीत नाय."

इद्रिसनं रिक्षा सुरू केली. इंजिनाच्या हादऱ्यानं इंदूबाईचा पट्टी बांधलेला पाय थरथरू लागला. तिनं ओठ दाबून धरला, पण डोळ्यांत पाणी आलंच. ते वाल्मिकरावांनी पाहिलं.

"अक्का, थांब!" चिमटा हातातून गळून पडला. त्यांनी स्वतः बांबू उचलला. "इद्रिसभाऊ, घ्या आत. चुकलं माझं!"

मग फ्रेमा मांडीवर घेऊन चेअरमनसाहेब त्याच रिक्षात पुढे इद्रिसच्या शेजारी अंग चोरून बसले, आणि पाहुण्यांच्या देखत रिक्षा थेट दारापर्यंत गेली. एका बाजूनं इद्रिस, दुसऱ्या बाजूनं वाल्मिकराव, असं दोघांनी इंदूबाईला धरून आत नेलं. इद्रिसनं चहा घेतला तो घरात, सोफ्यावर बसून. एवढ्यानं वाल्मिकराव संत झाले असं मी म्हणत नाही, त्यांना लाज वाटली. पण लाज वाटणं ही सुरुवात वाईट नसते. संध्याकाळी गजानं बोर्ड उतरवला आणि गळक्या बिल्डिंगीच्या जिन्यावर पाणी अडवायला लावला.

नागरिकहो, कष्टकऱ्याचं चित्र भिंतीवर मिरवणं फार सोपं, ते घामेजत नाही की भाडं मागत नाही. ज्यांच्या चाकांवर आपला रोजचा दिवस चालतो, त्यांना दारापर्यंत मानानं येऊ देणं, हेच खरं शहाणपण. तुमच्या फाटकावर असला बोर्ड असेल तर आजच उतरवा. उद्या तुमचीही बहीण रिक्षातून येईल, आणि चढ तिथेच असेल.