त्रेसष्ट गळत्या

आमच्या कारखान्यात दरवर्षी वीज एक टक्क्याने कमी करायची असते. पहिली काही वर्षं ते सोपं गेलं. आता अकरावं वर्ष. जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद, लिफ्ट बंद, एसी अठ्ठावीसवर, आणि संडासातल्या गरम सीटसुद्धा मी बंद केल्यात. त्यावरून बायका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. टेबलावर 'ऊर्जा व्यवस्थापक कुनिएदा' अशी पाटी आहे. खरं तर मी बटणं बंद करत फिरणारी बाई आहे.

खरी वीज खातो कॉम्प्रेसर. यंत्रांना लागणारी दाबाची हवा तो बनवतो आणि नळ्यांच्या सांध्यांतून ती गळत राहते. गळती शोधायचे नेझु-सान, वय चौसष्ट, वर्षावर्षाच्या करारावर ठेवलेले. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत यंत्रं थांबली की ते साबणाचं पाणी घेऊन एकटे फिरत आणि कानाने गळती पकडत. या ऑगस्टमध्ये त्यांनी त्रेसष्ट ठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या.

"एवढ्या बुजवा, तुमचा एक टक्का कुठे जात नाही," म्हणाले.

चारच दिवसांनी मोठ्या गिऱ्हाइकाचे लोक पाहणीला येणार होते. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी फरशी चकचकीत होते, मग अक्कल जाते.

"हे पिवळं पिवळं काय लटकवलंय?" कारखानाप्रमुख त्सुमुरा म्हणाले. "आपलं दुखणं जगाला दाखवायचंय का?"

मी चिठ्ठ्या काढायला लावल्या. नंतर परत बांधू, असं ठरलं. पाहुणे खूश होऊन गेले. यंत्रांच्या आवाजात गळती कुणाला ऐकू येईना, आणि चिठ्ठीच नाही म्हटल्यावर दुरुस्तीवाले कशाला हात लावतात? साफसफाईत चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या. मी विसरले.

नोव्हेंबरात आकडे आले. वीज जिथल्या तिथे. तेव्हा मला सगळं आठवलं आणि मी कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले.

"करार वाढवू नका म्हणून काल लिहून दिलं," मी तोंड उघडायच्या आधीच नेझु-सान म्हणाले.

"का?"

"कान गेले माझे. चिठ्ठ्या निघाल्या म्हणजे त्रेसष्टही बुजल्या, तरी इथल्या मीटरवर रोज वीज तेवढीच, म्हणजे मी भलत्याच जागा दाखवल्या. डॉक्टर म्हणतो, वयाच्या मानाने ठीक आहेत. त्याचं काय जातंय म्हणायला!"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे एकही बुजवली नाही?"

"नाही."

"बायकोने हाक मारली तरी मी दोनदा विचारायचो हो, खरंच मारलीस का म्हणून. तीन महिने."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तो कागद परत घ्या. मी बोलते त्सुमुरांशी."

"नको. दमलो आता. फक्त अहवालात नेझुचा अंदाज चुकला असं लिहू नका."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: पाहणीसाठी माझ्या सांगण्यावरून खुणा काढल्या, दुरुस्ती झाली नाही. खाली सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला. त्सुमुरांनी अहवाल परत पाठवला. "जरा वेगळ्या शब्दांत लिहा. शोधण्यात त्रुटी राहिली, असं काहीतरी." मी तोच मजकूर पुन्हा लिहिला. तो परत आला. तिसऱ्यांदाही आला. यात धैर्य वगैरे काही नव्हतं. अकरा वर्षं मी वेगळ्या शब्दांत लिहीत आलेय, आता अंगात त्राण उरलं नव्हतं. चौथ्यांदा तोच कागद शिक्क्यासकट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले.