गल्लीच्या तोंडचा बाक

मी बाक बोलतोय. ऐनाच्या लाकडाचा, चार माणसं ऐसपैस बसतील एवढा. सध्या पौडच्या स्टँडसमोर, नथूशेठच्या दुमजली दुकानाच्या दाराशी असतो. मी इथला नाही, एवढंच आधी सांगतो.

घोटावड्याच्या सुताराने मला पंचावन्न साली घडवलं. गोजराबाईच्या नवऱ्याने मला मागच्या गल्लीत आपल्या दुकानापुढे ठेवलं. डाळ, मीठ, मिरची, गूळ, असलं साधं दुकान. शेजारी चिमाबाई धनगरीण घोंगड्या विकायची. नवरा गेल्यावर गोजराबाईने एकटीने दुकान चालवलं.

मग नथूशेठचं हे दुकान उघडलं. कापड, किराणा, बांगड्या, चपला, सगळं एका छताखाली. एसटीतून उतरलेला माणूस समोरच शिरायचा आणि पिशव्या भरून पुन्हा एसटीत बसायचा. गल्लीकडे कुणी मान वळवेना. वर्षभरात बऱ्याच दुकानांना फळ्या लागल्या. गटार तुंबून वाटेवर आलं. माझ्यावर कुत्री झोपू लागली.

"मीबी आता मेंढरांमागं जाते," चिमाबाई एके दिवशी म्हणाली.

"जा की. पर आधी फावडं धर," गोजराबाई म्हणाली. "हितं पाय ठेवाया जागा न्हाई, मग माणूस येईल कशाला?"

दोघी आठ दिवस चिखल उपसत होत्या. वर मुरूम टाकला. ते बघून बाकीचे दुकानदारही लाजेकाजेने पाट्या घेऊन आले. मग मला उचलून गल्लीच्या तोंडाशी मांडलं, स्टँडवरून दिसेल असं. शेजारी पाण्याचा माठ. नथूशेठचे नोकर मालाला हात लावू देत नसत आणि बसा तर कुणी म्हणतच नसे. ताम्हिणीकडच्या बाया माझ्यावर टेकायच्या, पाणी प्यायच्या, घोंगडी मांडीवर घेऊन चाचपायच्या, मग घ्यायच्या. दोन वर्षांत बाजाराच्या दिवशी गल्लीत अंगाला अंग घासू लागलं. लाकडालाही छाती असती तर माझी फुगली असती.

दुकानांची ती रांग गोजराबाईच्या दिराच्या, हैबतरावांच्या नावावर होती. एका सकाळी ते आले आणि खाली बघत माझ्यावर बसले.

"वैनी, दिवाळीपातूर दुकान रिकामं करा. समदी रांग नथूशेठला दिली."

गोजराबाई गिऱ्हाइकाला डाळ मापत होती. "भावजी, गल्ली मरून पडली व्हती तवा कुटं व्हता तुमी?"

"तवा हिला कोण इचारत व्हतं? तुमी बाजार बसवला, म्हणून तर जागंला भाव आला."

गिऱ्हाईक पदर पसरून उभं होतं. गोजराबाईने डाळ ओतली, आणि वर दोन मुठी जास्त घातली.

दिवाळीनंतर त्या रांगेत नथूशेठची गोदामं झाली. चिमाबाई मेंढरांमागे गेली. गोजराबाई आता याच दुकानात रोजाने धान्य निवडते. रांगेबरोबर मलाही नथूशेठने उचललं आणि हिरवा रंग फासून इथे आणलं.

परवा चिमाबाई मैत्रिणीला भेटायला आली. दोघी माझ्यावर टेकल्या. किती दिवसांनी! तेवढ्यात नोकर आला.

"काय घ्यायचंय?"

"काय न्हाई. हिला भेटाया आले."

"मग उठा. बाक गिऱ्हाइकासाठी हाय."

गोजराबाईने त्याच्याकडे पाहिलं. हा बाक माझा, असं ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. पण हातातलं काम जाईल याची भीती असणार. पदर सावरून ती उठली आणि दोघी समोरच्या उन्हात, रस्त्याच्या कडेला धोंड्यांवर जाऊन बसल्या. तिथेच त्यांनी अर्धी अर्धी भाकरी खाल्ली. मी दुपारभर रिकामा होतो.

लोकहो, माझं एकच मागणं आहे. मला फोडा आणि गोजराबाईच्या चुलीला द्या. ऐनाचं लाकूड आहे, चांगलं जळेल.