ताजबीला पाठ असलेलं पुस्तक

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात बांगड्यांची तीन दुकानं लागतात, पण बायका थांबतात त्या ताजबीकडे. तिचा हात हलका. मनगट धरून, बोटं जुळवून ती काचेची बांगडी अशी सरकवते, की बोलता बोलता हात कधी भरला हे बाईला कळतसुद्धा नाही. गिऱ्हाईक नसलं की तिच्या मांडीवर पुस्तक असतं. गिऱ्हाईक आलं तर ती ते पालथं ठेवत नाही. पालथं ठेवलं की पुस्तकाची पाठ मोडते, म्हणून खूण घालते, मिटते आणि मगच विचारते, "कोणता रंग देऊ?"

ती मणियाराच्या घरातली, वय अठ्ठावन्न. सातवीपर्यंत शिकली ती मराठी शाळेत, कारण तिच्या गावात दुसरी शाळाच नव्हती. नवरा इब्राहीम शेलूबाजार ते मंगरूळपीर जीप चालवतो. बायकोच्या वाचनाबद्दल त्याचं म्हणणं एवढंच, की लोकांच्या बायका रुसल्या की माहेरी जातात, आपली वाचनालयात जाते. तेवढंच जवळ पडते.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली आणि तीन लाकडी कपाटं. प्रसेनजित नावाचा तिशीतला तरुण ते संध्याकाळी दोन तास उघडायचा. ताजबीनं त्या कपाटांतलं जवळजवळ सगळं वाचलं होतं आणि कशासोबत काय वाचायचं याचे तिचे कायदे ठरलेले होते. जाड कादंबरी उन्हाळ्यात, कारण दुपार लांब असते. कविता बाजाराच्या दिवशी, कारण मध्ये कोणी आलं तरी धागा तुटत नाही. प्रवासाचं पुस्तक सावकाश वाचायचं. इतक्या लांब गेल्यावर लगबगीनं परत कायले यायचं? आणि पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाला बांगड्या द्यायच्या, पुस्तक द्यायचं नाही.

एक पुस्तक मात्र ती दरवर्षी होळी झाली की नव्यानं घरी आणायची. 'पायाखालचा मुलूख' त्याचं नाव. सेवादास गुरुजी नावाच्या एका तांड्यावरच्या मास्तरानं ते चाळीसेक वर्षांपूर्वी स्वतःच छापून घेतलं होतं. गुरुजींची नोकरी गावोगाव फिरली. शेलूबाजारपासून पार धनजपर्यंत ते पायी हिंडले आणि कोणत्या शिवारात कोणतं झाड आहे, कोणत्या पाखराला कोणत्या गावात काय म्हणतात, कोणत्या विहिरीचं पाणी डाळ शिजवायला चांगलं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. एकशेबारा पानं. ताजबीनं पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा तिला वाटलं होतं, की आपण आजवर या मुलखात डोळे मिटून राहत होतो. पुस्तक मिटून ती बाहेर आली होती आणि स्वतःच्या दारातल्या झाडाकडे पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत उभी राहिली होती.

एका वर्षी श्रावणात प्रसेनजित तिच्या दुकानापाशी आला आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मावशी, मधल्या कपाटाले उधई लागली."

ती दुकान तसंच शेजारच्या बाईवर सोपवून त्याच्यामागे गेली. कपाटाच्या मागच्या फळीवर वाळवीचे मातीचे बोगदे चढले होते. खालच्या खणातली पुस्तकं बाहेरून धड दिसत होती, पण उचलली की हातात भुगा येत होता. 'पायाखालचा मुलूख'ची शेवटची चाळीस पानं तेवढी उरली होती. ताजबीनं ती ओढणीत बांधून घेतली. रडली नाही, पण त्या दिवशी घरी तिनं चूल पेटवली नाही, आणि इब्राहीमनं स्वतःच चहा केला.

प्रसेनजितनं पुढचा महिनाभर फोन केले. वाशीम, कारंजा, अकोला, जिथं जिथं जुनं वाचनालय होतं तिथं विचारलं. ज्या छापखान्यात ते छापलं होतं तिथं आता मोबाइलचं दुकान होतं. गुरुजी वारले होते आणि त्यांचा तांडा ऊसतोडीला पांगला होता. दुसरी प्रत कुठेच मिळेना.

मग एका बाजाराच्या दिवशी ताजबी एका म्हाताऱ्या बाईचा हात भरत होती. बाई म्हणाली, मोहफुलं आता पहिल्यासारखी पडत नाहीत. आणि ताजबीच्या तोंडून आपसूक निघालं, "मोहाच्या झाडाखाली उभं राहून वर पाहू नये, खाली पाहावं. ते झाड जे देतं ते जमिनीवर ठेवून देतं."

तिचा हात तिथंच थांबला. हे वाक्य गुरुजींचं होतं. आणि त्याच्या पुढचं वाक्यही तिला येत होतं. त्याच्याही पुढचं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनशे पानी वही आणली आणि दोन पेनं, एक निळं, एक लाल. पहाटेची नमाज झाली की ती ओट्यावर बसून लिहायला लागली. जे अक्षरशः आठवतं ते निळ्यानं, जिथं शंका आहे ते लाल. हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, कारण तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. गुरुजींच्या नावावर आपलंच काही लिहून बसलो तर? उधईनं पुस्तक खाल्लं, तो किड्याचा धर्म. पण आपण त्यात खोटं घातलं तर ते पाप माणसाचं.

पहिल्या प्रकरणाला पंधरा दिवस लागले. कधी एका दमात तीन पानं यायची, कधी एका शब्दापाशी आठवडा जायचा. अडली की ती डोळे मिटून पान आठवायची. डाव्या पानावर होतं की उजव्या? वर की खाली? तिथं पुस्तकावर चहाचा डाग होता का? डाग सापडला की ओळ सापडायची.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बांगडीवाली पुस्तक लिहून राह्यली, म्हणून पानटपरीवर हसणं झालं. एका निवृत्त साहेबांनी तिला दुकानावर येऊन समजावलं, की असं आठवणीवर पुस्तक होत नसतं, त्याला अभ्यास लागतो. ताजबीनं त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या बायकोला हिरव्या बांगड्या भरून दिल्या.

इब्राहीम मात्र हसला नाही. टिटवीबद्दलच्या एका परिच्छेदात ती अडकली तेव्हा त्यानं तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि आडरस्त्याच्या एका वस्तीवर नेलं. तिथं रंगूबाई नावाची ऐंशीच्या घरातली म्हातारी होती. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की त्या वर्षी नाल्याजवळ खळं करू नये, असं तिनं ताजबीनं काही न विचारता सांगितलं. शब्द जवळजवळ तेच होते. गुरुजींनी ते हिच्याकडूनच ऐकले असतील. परतीच्या रस्त्यानं इब्राहीम म्हणाला, "आता ते लाल अक्षर निळं कर."

होळीपर्यंत बहात्तर पानांचा मजकूर वहीत आला. त्यात लाल अक्षर फार नव्हतं. प्रसेनजितनं वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढून जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या ग्रुपवर टाकला.

चौथ्या दिवशी त्याला एका बाईचा फोन आला. ती सेवादास गुरुजींची नात शीला, वाशीमला दवाखान्यात सिस्टर. तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, की आजोबांच्या नावावर दुसऱ्या कोणी काही लिहिलेलं घरच्यांना चालणार नाही. मेडशीजवळच्या तांड्यावर आजोबांची बहीण नानीबाई राहते, तिच्या पेटीत पुस्तकाची एक प्रत निघाली आहे, अख्खी. ती घेऊन मी रविवारी येते, वहीशी ताडून पाहू, मग काय ते बोलू.

प्रसेनजितनं हे घाबरत घाबरत ताजबीला सांगितलं. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असं तिला वाटेल, असं त्याला वाटलं होतं. ताजबीचा चेहरा मात्र ईदचा चंद्र दिसावा तसा उजळला.

"म्हणजे हाये," ती म्हणाली. "पुस्तक हाये."

रविवारी शीला वाचनालयात आली. तिच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं. ताजबीनं आधी ते फक्त हातात मागितलं. वास घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि परत दिलं. मग तिघं टेबलाभोवती बसली. प्रसेनजितनं छापलेलं मोठ्यानं वाचायचं आणि शीलानं वहीवर नजर ठेवायची, असं ठरलं. इब्राहीम दारात उभा राहिला. त्या दिवशी त्यानं जीप काढलीच नाही.

पहिलं प्रकरण वाचून होईतो शीलाची पेन्सिल चार ठिकाणी टेकली. एक शब्द मागेपुढे, एक सुटलेलं वाक्य. दुसऱ्या प्रकरणात दोनच ठिकाणी. तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे विहिरींच्या, ती टेकलीच नाही. शीलाची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. लाल अक्षरातलं निम्म्याहून अधिक बरोबर निघत होतं. निळ्यातलं तर विचारूच नका.

पाचव्या प्रकरणाच्या शेवटी प्रसेनजित थांबला. त्या प्रकरणाचा छापील मजकूर संपला होता. वहीत मात्र खाली चार ओळी जास्त होत्या, आणि त्या निळ्या होत्या.

शीलानं वही त्याच्याकडे वळवली. "हे पुस्तकात नाई," ती म्हणाली. आवाज कडक नव्हता, पण तिला हेच शोधायचं होतं हे सगळ्यांना कळलं.

ताजबीनं वाकून त्या ओळी पाहिल्या. जे होऊ नये म्हणून तिनं दोन पेनं वापरली होती, तेच झालं होतं. तिनं डोळे मिटले. डावं पान. प्रकरण अर्ध्या पानावर संपतं. खाली कोरी जागा. कोऱ्या जागेत तिरकं, बारीक अक्षर.

"ते छापलेलं नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "पेनानं लिहिलेलं होतं. गुरुजींनीच आपल्या हातानं लिहिलं असंल. ते पुस्तक त्यायनंच वाचनालयाले भेट देलं होतं. मी इतक्यांदा वाचलं, का मले छापलेलं कोणतं न् लिहिलेलं कोणतं, हेच राह्यलं नाई."

ते पान उधईच्या पोटात गेलं होतं. पुरावा कुठून आणणार? प्रसेनजितला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं त्या चार ओळी वाचायला घेतल्या.

"तांड्यामागच्या चारोळीच्या झाडाला मी झमकूबाई म्हणतो. बायको माझ्यावर रागावली की त्याच्याखाली जाऊन बसायची. एरवी तिचा राग दिवस मावळायच्या आत उतरायचा. चारोळ्या पिकल्या की दोन दोन दिवस टिकायचा."

शीलानं तोंडावर हात ठेवला. आधी ती हसली, मग तिचे डोळे भरून आले.

झमकूबाई तिच्या आजीचं नाव. घरात त्या झाडाला आजही झमकूबाईच म्हणतात, आणि का म्हणतात हे घराबाहेर कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आजी गेली पुस्तक छापून झाल्यावर दोन वर्षांनी. त्याच्यानंतरच कधीतरी आजोबांनी शेलूबाजारच्या वाचनालयात येऊन, आपल्याच पुस्तकात, तिच्यासाठी जागा केली असणार. घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

"मावशी," शीला म्हणाली, "आमच्यापाशी पुस्तक होतं. पण हे तुमच्यापाशीच राह्यलं होतं."

दारातून इब्राहीम म्हणाला, की आता सगळ्यांनी चहा घ्यावा, आणि कोणी नको म्हणायच्या आत तो सांगायला गेला.

दिवाळीनंतर 'पायाखालचा मुलूख' पुन्हा छापलं गेलं. पाचव्या प्रकरणाखाली त्या चार ओळी तिरक्या टायपात होत्या, आणि त्या कशा मिळाल्या हे शीलानं प्रस्तावनेत ताजबीच्या नावानिशी लिहिलं होतं. वाचनालयासमोर छोटा मांडव घातला. तांड्यावरून दोन जीप भरून माणसं आली, नानीबाई आपल्या आरशांच्या घागऱ्यात पुढच्या खुर्चीवर बसली. निवृत्त साहेबही आले होते. त्यांनी तीन प्रती घेतल्या. ताजबीला बोलायला सांगितलं तेव्हा तिनं भाषण केलं नाही. मोहाचा परिच्छेद म्हणून दाखवला, पुस्तक न उघडता. प्रसेनजित छापील पानावर बोट ठेवून ओळ न् ओळ पाहत होता आणि शेवटी त्यानं मान वर करून हात उंचावला. एक अक्षर चुकलं नव्हतं. मांडवात टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

मंचावरून खाली उतरल्यावर नानीबाईनं आपली प्रत तिच्यापुढे धरली. लेखक तर आता नाही, तेव्हा सही तूच कर, असं तिचं म्हणणं पडलं. ताजबी म्हणाली, मी कुठं लिहिलं हे, मी नुसतं वाचलं. पण म्हातारी प्रत मागे घेईना, आणि तिच्यामागे माणसांची रांग लागायला लागली.

तेव्हा ताजबीनं इब्राहीमच्या खिशातलं पेन घेतलं. पहिल्या कोऱ्या पानावर, शाळेत शिकवलं होतं तशा गोल अक्षरात, तिनं लिहिलं: 'ताजबी इब्राहीम, वाचक, शेलूबाजार.' शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं, मिटलं, आणि पुढच्या प्रतीसाठी हात पुढे केला.