उलटी शिंक

समोरचा वरचा डावा दात काही केल्या ओळीत येईना… मेणात तो किंचित बाहेर झुकलेला, आणि तिने तापल्या सुरीचं टोक मुळाशी लावून त्याला बोटाने आत ढकललं तरी पुन्हा तसाच, हट्टी, जणू ज्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडात ही कवळी जायची होती त्यांचा स्वभाव तिच्यात आधीच उतरलेला – आणि त्याच वेळी टेबलाखालून तो आवाज आला.

आधी वाटलं, खुर्ची करकरली. मग वाटलं, कुणीतरी श्वास आत ओढतंय, ओढतंयच, सोडतच नाहीये. ती वाकली. फौजदार उभा होता – पुढचे पाय फाकलेले, मान लांब ताणलेली, डोळे बटणांसारखे बाहेर – आणि नाकाने घुर्र घुर्र करत हवा आत खेचत होता.

तीन किलोचा हा कुत्रा सासूबाईंचा. नाव त्यांनीच ठेवलेलं, कारण दारात आलेल्याची झडती घेतल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे. लेकीच्या बाळंतपणाला जाताना त्या म्हणाल्या होत्या, ‘वेळेवर खायला घाल, बाकी त्याचा काही त्रास नाही.’ आणि त्या गेल्या त्याच दुपारी तो तिच्या या कवळ्या बनवायच्या खोलीत आला, इकडेतिकडे हुंगलं, आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. पायाला मुंग्या आल्या तरी तिने पाय हलवला नाही. का हलवला नाही, हे तिने स्वतःला विचारलंही नाही… या खोलीत आपणहून कोण येऊन बसलं होतं आजवर? सासूबाई तर उंबऱ्याशीच थांबायच्या, नाक मुरडायच्या, जाताना दार ओढून घ्यायच्या – लग्न होऊन आल्यापासून तेच दार, तोच खट्ट आवाज…

हा जाणार. माझ्या हातून जाणार. आणि त्या काही बोलणार नाहीत, नुसत्या बघतील.

तिने त्याला उचललं. हातात मावणारी छाती, आत काहीतरी वेड्यासारखं धडधडणारं. आणि अचानक तो आवाज थांबला. फौजदाराने एकदा घोट गिळला, तिचं मनगट चाटलं, शेपूट हलवलं, जणू घाबरली होती ती आणि समजूत घालत होता तो.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आवाज कसा होता? करून दाखवा.”

ती इकडेतिकडे बघायला लागली. बाकावर मांजर घेऊन बसलेले एक गृहस्थ आपुलकीने तिच्याकडे बघत होते. तिने डोळे मिटले, मान ताणली आणि नाकाने हवा आत खेचली. फौजदाराने कान टवकारले. मांजर टोपलीत खोल गेलं.

“छान,” डॉक्टरीणबाई न हसता म्हणाल्या. त्यांनी त्याची छाती ऐकली, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, घसा चाचपला. “याला उलटी शिंक म्हणतात. आपण हवा बाहेर फेकतो, हे आत ओढतात. लहान चणीच्या कुत्र्यांत पुष्कळदा दिसतं. बघणाऱ्याचा जीव जातो, याचा नाही. पुन्हा झालं तर घाबरू नका, गळ्यावरून हलका हात फिरवा, आणि जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.”

“मग काळजी कधी करायची?”

“हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या दिसल्या, हा कोसळला, स्वस्थ पडलेला असतानाही श्वासासाठी धडपडायला लागला – तर थेट इथे. वाट बघायची नाही. नाकातून रक्त आलं, बदक ओरडावं तसा कोरडा खोकला लागला, किंवा हे असं वरचेवर व्हायला लागलं, तरी दाखवायला आणा. आणि गळपट्टा काढा. छातीवरून बांधायचा पट्टा घ्या.” मग तिच्या हाताकडे बघत, “घरात उग्र वास कसला असतो का?”

तिने बोटं मिटली. नखांत कवळीच्या हिरड्यांची गुलाबी पूड. ती ज्या द्रवात कालवायची, त्याचा डोक्यात जाणारा वास तिला स्वतःला केव्हाच येईनासा झाला होता.

“आईला घाबरवलंस होय रे?” डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. आमच्या घरात आई म्हणजे सासूबाई, असं ती सांगणार होती. सांगितलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला फोन केला. “उलटी की शिंक? एक काय ते ठरव,” तो म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, “बरा आहे ना?” सासूबाईंना सांगायचं म्हणजे मात्र धीर गोळा करावा लागला.

“अगं, करतो तो तसं कधीमधी,” सासूबाई म्हणाल्या. मागे नवं बाळ रडत होतं. “तुझ्या खोलीत गेला असेल.”

“तुम्हाला माहीत होतं, आई?”

“दार उघडं राहिलं की तुझ्याकडेच पळायचा मेला. उंबऱ्यावरूनच उचलून आणायचे, तरी तो वास, मग इकडे आल्यावर ते घुरघुरणं. म्हणून दार लावायचे मी.”

“मला बोलला नाहीत कधी.”



“काय बोलणार? तुझं काम आहे ते. तुझ्या कामाने माझ्या कुत्र्याला त्रास होतो, असं तोंडावर सांगायचं? तू मनाला लावून घेतलं असतंस.”

फोन ठेवल्यावर ती मधल्या खोलीत फरशीवर बसली. इतकी वर्षं मनाला लावून घेतलंच होतं की… तो राग कुठे ठेवलाय ते तिला नीट माहीत होतं, चष्म्यासारखा, हात घातला की सापडणारा. आणि आता हात घातला तर तिथे नाक मुरडणाऱ्या एका बाईऐवजी कुत्र्याला काखोटीला मारून घाईने निघालेली एक बाई होती, जिला सुनेचं मन मोडायचं नव्हतं. तरी सांगायला हवं होतं. नाही का? आणि मी तरी एकदा विचारायला हवं होतं… फौजदार तिच्या मांडीला पाठ लावून झोपलेला. पोट वर, खाली, वर… मध्येच त्याचा श्वास जरा अडखळला, तिचाही. मग तो चालू झाला. बाळंतपण उरकून सासूबाई येतील, त्याला हाक मारतील, आणि हा क्षणभर दोघींच्या मध्ये उभा राहील – त्या क्षणी आपण त्याला पुढे ढकलू, की थांबवून धरू, याचा तिला काही अंदाज येत नव्हता, आणि न येण्यात, आश्चर्य म्हणजे, फारसं दुःखही नव्हतं.