दारावरच्या टॉवेलची गाठ

मी एक जुना टॉवेल आहे. नाक मुरडू नका. एका दुकानाच्या उंबऱ्याशी मी पसरलेला असतो. माझ्या अंगावर सगळ्या गल्लीच्या चपलांची माती आहे, आणि एका टोकाला एक चुणी आहे, ती कितीही धुतलं तरी जात नाही. ती गाठीची चुणी आहे. त्या गाठीपायीच माझी ही गत झाली. मित्रांनो, घरात मला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही तरी ऐकून घ्या.

माझा जन्म एका विणकराच्या मागावर झाला. जाड सूत, घट्ट वीण आणि दोन्ही कडांना निळा पट्टा. विणून झाल्यावर त्या म्हाताऱ्याने माझी दोन टोकं धरून मला असं खेचलं की मी कळवळलो. तो आपल्या बायकोला म्हणाला, "हा अंग पुसायचा नाही गं, बैल बांधायचा आहे." ती हसली. मला मात्र अभिमान वाटला. तेव्हा मी कोवळा होतो. माणसं कौतुक करतात म्हणजे ती आपली झाली, असं मला वाटायचं.

मला विकत घेतलं घड्याळवाल्या वहिनींनी. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनीच ते पुढे चालवलं होतं, म्हणून सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच. सासूबाई शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दूध उतू गेलं तरी शिट्टी, भाजीवाला दिसला तरी शिट्टी. गल्लीतली मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. तिसरं माणूस म्हणजे भाऊजी, वहिनींचे धाकटे दीर. ते पलीकडच्या रस्त्यावर राहायचे. तोंडाने इतके गोड की त्यांच्याशी बोलून माणूस खूश होऊनच परत जायचा.

बरीच वर्षं मी न्हाणीघरातल्या खुंटीवर मानाने राहिलो. माझ्यामागून आलेले मऊ, रंगीत टॉवेल विटले, विरले, गेले. मी टिकलो. "हा आमचा पहिलवान," असं वहिनी मला म्हणायच्या. अहो, खरंच म्हणायच्या!

मग एक दिवस दुकानात भिंतीवरचं मोठं घड्याळ लावताना वहिनींच्या पायाखालचं स्टूल सरकलं. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पट्टे सुटले, पण हात कानाच्या वर जाईना. बारीक चिमट्याने इवलंसं चाक उचलणारी ती बोटं शाबूत होती. पण दुकानाचं शटर? ते लोखंडी धूड खालून उचलायचं आणि डोक्याच्या वर ढकलायचं. ते काम एका हाताचं नव्हतं.

मग भाऊजी रोज येऊन शटर उघडून देऊ लागले. रोज म्हणजे त्यांच्या सवडीने. वहिनी पायरीवर बसून वाट बघायच्या. गिऱ्हाईक यायचं, बंद दुकान बघून निघून जायचं. आणि भाऊजी आले की मान हलवत म्हणायचे, "वहिनी, कशाला जिवाला त्रास? दुकान माझ्या हवाली करा. मी तिथे मोबाइलचं सामान ठेवतो. तुम्ही आपली घरात बसून घड्याळं उघडा."

वहिनी ऐकून घ्यायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "उन्हाळा संपेपर्यंत थांबा, भाऊजी. तोवर मी माझ्या हाताने शटर उघडलं नाही, तर किल्ली तुमची."

शिट्टीबाई आतून ऐकत होत्या. भाऊजी गेल्यावर त्यांनी शिट्टी फुंकली आणि मला खुंटीवरून ओढून काढलं.

"आई, टॉवेल कशाला?" वहिनींनी विचारलं.

"मग काय लोखंड आणू? देवाने दोन हात दिलेत, त्यांना एकमेकांशी भांडायला लाव. हा मध्यस्थ."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले खरे दिवस तिथून सुरू झाले. वहिनी माझं एक टोक डाव्या हातात आणि एक उजव्या हातात धरायच्या. डाव्याने ओढायचं, उजव्याने सोडायचं नाही. मग उलटं. कधी मी पाठीमागून जायचो. वरून चांगला हात, खालून दुखरा हात, आणि मी मध्ये ताणलेला. कधी त्या मला तळपायाखाली घालून दोन्ही टोकं वर खेचायच्या. स्वतःचाच पाय जड करायचा आणि स्वतःच्याच हाताने तो उचलायचा. शिट्टीबाई खुर्चीत बसून ओरडायच्या, "श्वास कोंडू नकोस! तोंड काय वाकडं करतेस, फोटो काढायचाय का?" वहिनींना हसू यायचं आणि हसताना पकड सुटायची. मग पुन्हा शिट्टी.

सगळ्यात मोठं काम दारावरचं. माझ्या एका टोकाला वहिनी घट्ट गाठ मारायच्या. ते टोक मागच्या खोलीच्या दारावरून पलीकडे टाकायचं आणि दार लावून घ्यायचं. गाठ पलीकडच्या बाजूला अडकायची. माझं उरलेलं अंग अलीकडे लोंबायचं. ते दोन्ही हातांनी धरून, पाय दाराशी रोवून, वहिनी मागे झुकायच्या आणि स्वतःला दाराकडे ओढून घ्यायच्या. त्यांचं सगळं वजन माझ्यावर. मी पिळवटून जायचो, पण एक धागाही तुटू दिला नाही.

दार बाहेरच्या खोलीत उघडायचं. आतून कडी लावली असती तर पुढचं सगळं घडलंच नसतं. पण शिट्टीबाईंनी कडीला मनाई केली होती. "आत पडलीस बिडलीस तर काय मी दार फोडू?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरात एक नियम झाला होता. बाहेरून दाराच्या वर गाठ दिसली की दाराला हात लावायचा नाही. भाऊजींनाही तो सांगितला होता. त्यांनी हसून मानही डोलावली होती. ती गाठ हीच त्या घराची कडी होती.

हळूहळू वहिनींचा हात कानापर्यंत गेला, मग कानाच्या वर. एका सकाळी दुकानाशी त्यांनी भाऊजी यायच्या आत शटर गुडघ्यापर्यंत उचललं. भाऊजी तेवढ्यात पोचले आणि ते त्यांनी पाहिलं. "वा वा, वहिनी!" म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन वहिनींनी मला वाळणीच्या दोरीवरून काढलं, गालाला लावलं आणि म्हणाल्या, "आता थोडंच राहिलं रे, पहिलवाना." हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढची गोष्ट ऐका. रविवारची दुपार होती. शिट्टीबाई अंघोळीला गेल्या होत्या. वहिनी मागच्या खोलीत माझ्यावर झुकल्या होत्या. भाऊजी पुढच्या दाराने आले. माझं अर्धं अंग आत होतं आणि गाठ बाहेर होती, म्हणून दोन्हीकडचं मला कळत होतं. भाऊजी दारासमोर थांबले. त्यांनी वर पाहिलं. गाठ पाहिली. नीट पाहिली हो! आतून वहिनींचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि दार हिसका देऊन उघडलं.

मी निसटलो. वहिनी मला धरूनच पाठीवर आदळल्या. तोच खांदा. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, तोंडातून आवाजही फुटेना. भाऊजी आत आले आणि वाकले. मला वाटलं, आता हा माणूस तिला उठवेल. त्याने तिच्या हातातून मला काढून घेतलं, पाठ फिरवली आणि माझी गाठ सोडायला लागला. वजनाने आवळलेली गाठ, बोटांनी सुटेना, तर दातांनी सोडवली. तो ओला चावा मला अजून आठवतो. मग मला खाली टाकून तो मोठ्याने ओरडला, "आई, लवकर या! वहिनी पडल्या! गाठ सुटली टॉवेलची!"

केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच.

शिट्टीबाई ओल्या केसांनी धावत आल्या. भाऊजी एव्हाना वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "मी बाहेर होतो, धाडकन आवाज आला म्हणून दार उघडलं. किती जुना टॉवेल हा! मी म्हणतच होतो." सगळं खापर माझ्यावर फुटलं. मी जमिनीवर पडून होतो, बिनगाठीचा. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि वहिनी? मित्रांनो, शत्रूने दगा दिला तर राग येतो, पण आपल्या माणसाने त्याचं खोटं खरं मानलं की काळीज तुटतं. वहिनींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं. याच्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता." अहो, ती गाठ त्यांनीच मारली होती! रोज मारत होत्या! एकदा तरी हातात घेऊन बघायचं होतं. कडेला दातांची खूण होती, ओलसर होतं. कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, पायपुसणं म्हणून.

तिथे उंबऱ्याशी पडून मी बातम्या ऐकत राहिलो. खांदा मोडला नव्हता, पण सुजला होता आणि केलेली मेहनत पाण्यात गेली होती. भाऊजींनी दुकानात कपाटं कुठे लावायची याची मापंसुद्धा घेतली, माझ्यावर उभं राहून. मात्र शिट्टीबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. गिऱ्हाईक नसलं की त्या दुकानात वहिनींकडून व्यायाम करून घ्यायच्या. "टॉवेल गेला तर गेला. हात कुठे गेलेत?" तळव्याला तळवा भिडवून ढकलायचं. बोटांत बोटं अडकवून ओढायचं. भिंतीला हात टेकून अंग पुढे न्यायचं, मागे आणायचं. शटर उचलायचं म्हणून स्टुलावरून हात न लावता उठायचं, बसायचं. "पाठीने नाही, पायाने उचल! पाठ काय भाड्याची आणलीस?"

मी बघायचो आणि जळायचो. माझ्याशिवाय चाललं होतं, आणि उत्तम चाललं होतं. एकदा वहिनी तळवे भिडवता भिडवता मध्येच थांबल्या. "आई, मी पडले तेव्हा तुम्ही आलात, त्याआधी भाऊजी काय करत होते?" शिट्टीबाई म्हणाल्या, "तुझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता की." वहिनी पुन्हा तळवे भिडवू लागल्या. पण त्या दिवसापासून त्या काहीतरी आठवत असायच्या, जसं बिघडलेल्या घड्याळाला कान लावून बसायच्या तसं.

उन्हाळ्याच्या शेवटच्या सकाळी भाऊजी वेळेआधी हजर झाले. शेजारचे दोन दुकानदारही कौतुकाने उभे राहिले. वहिनींनी कुलूप काढलं. रात्री मी पायरीवरच राहिलो होतो. त्यांनी दोन्ही पाय माझ्यावर रोवले, खाली बसल्या, शटरच्या पट्टीखाली बोटं घातली आणि पायांनी उठल्या. शटर गुडघ्याशी आलं. कमरेशी आलं. तिथे त्यांनी हात उलटे केले. उजवा खांदा थरथरला. शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडात धरली होती, पण फुंकवत नव्हती. माझ्यावर त्यांच्या टाचा रुतल्या, मी जमिनीला घट्ट धरून राहिलो, जरासुद्धा सरकलो नाही. मग एकदम खडखडखड करत शटर डोक्यावरून वर गेलं.

शिट्टी वाजली, ती सगळ्या गल्लीने ऐकली.

भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. "वा, वहिनी! मी म्हणत नव्हतो? बरं, दुसरी किल्ली तेवढी माझ्याकडे राहू द्या. अडीअडचणीला."

वहिनी धापा टाकत होत्या. त्यांनी किल्ल्या मुठीत आवळल्या. "नको, भाऊजी."

"अहो, आपल्याच माणसावर भरवसा नाही?"

"मी पडले तेव्हा माझे डोळे मिटलेले होते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण माझ्या हातातला टॉवेल कुणीतरी ओढून घेतला, ते मला कळलं. खूप दिवस मी त्याचाच विचार करतेय. माणूस पडलेलं दिसलं की कुणीही आधी माणसाला उचलतं. तुम्ही आधी टॉवेल उचललात."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. ते काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. पुन्हा त्या पायरीवर त्यांची चप्पल मी पाहिली नाही.

मला वाटलं, आता! आता वहिनी खाली बघतील. वाकतील, मला झटकतील, गालाला लावतील. त्या हे सगळं माझ्यावरच उभं राहून बोलल्या होत्या ना! त्यांनी खाली पाहिलंसुद्धा. मग चपला माझ्यावर नीट पुसल्या आणि आत गेल्या. काम पडलं होतं, गिऱ्हाईक उभं होतं.

मित्रांनो, त्यांचा हात बरा झाला याचा मला आनंद आहे. अगदी खरं सांगतो. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी पडलात, तर ज्याने तुम्हाला धरून ठेवलं होतं त्याला लगेच टाकून देऊ नका. दाराच्या पलीकडे कोण होतं ते आधी बघा. आणि त्याचा दोष नव्हता हे पुढे कधी कळलं, तर तेवढं कळून थांबू नका. खाली वाका आणि त्याला उचला.