नोटीस बोर्डावरचं लष्कर

बोरीवलीच्या त्या सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदर यांच्या डोळ्यांत गेटाबाहेरची भाजीवाली रुक्मिणी खुपत होती. महापालिकेला सात अर्ज गेले. तिला उठवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. अशात तळमजल्यावरच्या सीतारामांचा मुलगा, हवालदार शिवदास, सैन्यातून रजेवर आला आणि चेअरमनना देव पावला.

“युनिफॉर्म घालून नुसता गेटवर उभा राहा रे. दोन-चार सोबती आणलेस तर झकासच. बाबांच्या रॅम्पचा ठराव रविवारी पास करून टाकतो.”

रॅम्पचं नाव निघालं आणि शिवदासने ओठांवरचा नकार गिळला. बाबांनी तीस वर्षं गिरणीत उभ्याने काढली. आता अर्धांगवायूनंतर आठ महिने चाकाच्या खुर्चीत, आणि त्यांच्यात नि जगात तीन पायऱ्या. तेवढ्या पायऱ्यांवर उतार बांधायची परवानगी मागून शिवदासची पत्रं थकली होती.

कायदा त्याला ठाऊक नव्हता असं नाही. एका शहरात दंगल पेटली तेव्हा त्याची तुकडी तासभर दगड खात उभी होती. सोबतच्या दंडाधिकाऱ्याने हुकूम दिला तेव्हाच पहिलं पाऊल पडलं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. “बघतो, काका,” म्हणाला आणि घरी जाऊन त्याने वर्दीला इस्त्री केली.

सकाळी दुधाला निघाला, तर बोर्डावर चेअरमनांचं वळणदार अक्षर: ‘आज दहा वाजता सैन्याच्या मदतीने गेट मोकळे करण्यात येईल. सभासदांनी सहकार्य करावे.’ भल्या माणसाने देशाचं सैन्य पाण्याच्या टँकरसारखं मागवलं होतं!

गेटापाशी रुक्मिणी फळीवरची भाजी घाईघाईने टोपलीत कोंबत होती. कालपर्यंत ‘शिवा’ म्हणत कोथिंबिरीची जुडी फुकट देणारी बाई त्याला बघून हात जोडून उभी राहिली.

“साहेब, मिल्ट्री नका बोलावू. मी निघालेच.”

शिवदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिच्यासमोरच नोटीस उपटली आणि चेअरमनच्या दारात नेली.

“काका, लष्कर आणायचं तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, तोही पोलिसांच्या हाताबाहेर गेलं तर. भाजीच्या फळीसाठी नाही. आणि रजेवर मी तुमच्यासारखाच साधा माणूस.”

“मग रॅम्प विसर हां.”

“विसरलो.”

म्हणाला खरा, पण बाबांना सगळं सांगताना त्याला मान वर करवेना.

“वर्दी कपाटात ठेव,” सीताराम खिडकीकडे बघत म्हणाले. “माका घाई नाय.”

दहा वाजता बेल वाजली. दारात रुक्मिणी, डोक्यावर तिची लांबरुंद फळी. तिने ती पायऱ्यांवर उतरती टेकवली, वर पाय देऊन हलते का बघितली, आणि खाली एक खोका सारला.

“चेअरमनच्या दारातलं बोलणं गेटापर्यंत ऐकू आलं. बांधायला परवानगी लागते. टेकवायला कुणाची लागते रे, शिवा? रोज दहा वाजता आणीन. तेवढा वेळ भाजी गोणपाटावर बसेल.”

शिवदासने मागून खुर्ची पेलली, रुक्मिणीने पुढून धरली. वरच्या गॅलरीत चेअरमन आले, बघत राहिले आणि आत गेले. खुर्ची गेटाबाहेर पोचली. आठ महिन्यांनी अंगावर ऊन आलं तसे सीतारामांचे डोळे वाहू लागले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“शिवा,” ते म्हणाले, “आधी हिची मेथी घेवया.”