पोटरी फुटलेला टिपकागद

"उजळलं! उजळलं!"

मोंतेविदेओतल्या त्या प्रयोगशाळेची अंधारी खोली दणाणली. जमलेल्या रुग्ण-नातेवाइकांपैकी प्रत्येकाच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या कडू काढ्याचा तुंबा. पडद्यावर, सूक्ष्मदर्शकाखालची, उंदराच्या पायाची पातळ चकती हिरवीगार चमकत होती.

"काल या पायात माझ्या औषधाचे थेंब टोचले," प्राध्यापक बेंतांकुर गरजले. "हिरवं दिसतंय ते कोवळ्या स्नायूतलं मायोसिन प्रथिन! रातोरात नवा स्नायू! उंदीर इतका खूश होता!"

"होता म्हणजे?" चाकाच्या खुर्चीतून विल्मारनं विचारलं.

"विज्ञानाला त्याग लागतो," सर गंभीर झाले.

झुल्मा दातओठ खात होती. विल्मार तिचा धाकटा भाऊ. त्याचे स्नायू लहानपणापासून झिजत होते. गोळ्यांनी झीज थोडी थोपवून धरली होती. पण "गोळ्या थेंबांशी भांडतात" असं सर म्हणाले आणि आईनं गोळ्या बंद केल्या. परवापरवापर्यंत विल्मार तुंबा स्वतः उचलायचा. आज आई त्याच्या तोंडाला लावत होती.

झुल्मा याच प्रयोगशाळेत स्नायूंवर काम करायची. घरी समजावून तिचा घसा बसला होता. आईचं एकच उत्तर: "इतकी वर्षं शिकलीस, तुझं काही उजळलं का?"

ती पुढे गेली. "सर, पहिलं प्रतिपिंड मायोसिनला चिकटतं. दुसरं त्या पहिल्याला चिकटून चमकतं. पहिलं घातलंच नाही तर?"

"तर अंधार, बाळ."

तिनं त्याच पायाची दुसरी चकती लावली. हिच्यावर फक्त दुसरं प्रतिपिंड होतं. पडदा हिरवागार.

"पाहा, थेंबांची शक्ती! पहिल्याचीही गरज नाही!" सर ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डोकं सूक्ष्मदर्शकावर आपटावं असं झुल्माला वाटलं. पण तो विद्यापीठाच्या मालकीचा होता. तिनं तिसरी काच सरकवली. लख्ख हिरवी.

"आणि हे काय?"

"अस्सल स्नायू! पोटरीचा!"

"हा टिपकागद आहे. त्यावर उंदराचं रक्त वाळवलं, धुतलं, मग दुसरं प्रतिपिंड घातलं."

"अभिनंदन, सर," विल्मार म्हणाला. "कागदाला पोटरी फुटली. रविवारी फुटबॉलला उजव्या बगलेवर खेळवा."

पहिला हशा तेव्हा पिकला.

"आपलं हे पहिलं प्रतिपिंड उंदरातच बनवलेलं आहे," झुल्मा म्हणाली. "दुसऱ्याला एवढंच कळतं: उंदराचं प्रतिपिंड दिसलं की धर. आपल्या संघाच्या सामन्याच्या दिवशी पोलिसाला सांगा, आकाशी जर्सीवाला चोर पकड. अख्खं मोंतेविदेओ आत जाईल! उंदराच्या रक्तात त्याची स्वतःची प्रतिपिंडं असतातच. सुई टोचली, रक्त झिरपलं, तिथं हिरवं. मी नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं. तेही हिरवंच."

सर दिवा लावायला म्हणून उठले आणि थेट दाराबाहेर पडले.

"पण थेंब मिळतील ना?" मागून एका आजोबांनी विचारलं.

झुल्मानं डोळे मिटले. "आजोबा, चमत्कार दिसला की टाळी नंतर वाजवा. आधी विचारा, औषध न घालता हेच दिसतं का? एवढंच विचारा हो!"

आईनं पडद्याकडे बोट दाखवलं. "मग नवा स्नायू कशानं येईल गं?"

"अजून कुणालाच माहीत नाही, आई."

आईनं पर्स उघडली. गोळ्या तिथंच होत्या. टाकायचा धीर तिला झालाच नव्हता. एक गोळी विल्मारच्या जिभेवर ठेवून तिनं तुंबा पुढे केला.

"आई, चटका बसतोय!"

"मग फुंकर मार," आई म्हणाली. "तेवढा स्नायू आहे अजून. तोच राखायचाय."